पहिल्या वर्गात पास झाल्यानंतर

आमच्या गावात पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग हे शब्द सगळ्यांना ठाऊक होते, पण ते रेल्वेमुळे. आमगाव स्टेशनावर पॅसेंजर थांबली की पहिल्या वर्गाच्या डब्यातून कधीमधी एखादा साहेब उतरे, आणि बाकीचं सगळं जग तिसऱ्या वर्गातून. त्यामुळे मी बी. ए.ला पहिल्या वर्गात पास झालो अशी बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रातून आली, तेव्हा गावच्या कोतवालानं वडिलांना विचारलं की आता पोराला तिकिटाशिवाय त्या गादीच्या डब्यात बसू देतात की काय. वडिलांनी त्याला समजावून सांगितलं. त्यालाही ते पटलं. पण गावात मात्र ‘गादीवाला’ हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

माझा मामेभाऊ त्याच साली पास झाला. नागपूरला आम्ही एकाच खोलीत राहत होतो. मी पहाटे उठून संस्कृतची रूपं घोकत असे आणि तो तोंडावर चादर ओढून मला शिव्या देत असे. त्याला तिसरा वर्ग मिळाला, तोही दुसऱ्या खेपेला. हे ऐकून गावाला बरं वाटलं. तो आपल्यातलाच राहिला होता.

नोकरीची मला काळजी नव्हती. आमच्या एका प्राध्यापकांनी निरोपाच्या वेळी सांगितलं होतं की पहिल्या वर्गाच्या माणसाला नोकरी शोधावी लागत नाही, नोकरीच त्याला शोधत येते. मी ते इतकं मनावर घेतलं की निकालानंतर बरेच दिवस घरीच बसून राहिलो, नोकरीला आमचं घर सापडावं म्हणून. धानाची रोवणी सुरू झाली. घरातली सगळी माणसं बांधीत चिखलात उतरली आणि मी ओसरीवर पुस्तक घेऊन. शेवटी माय म्हणाली, “नोकरी येऊन राहिली तं येऊ दे बापा, तोवर पऱ्हे तं नेऊन दे.” मी धानाच्या रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेतल्या आणि त्याच दिवशी ठरवलं की आपणच निघावं.

तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपुरात. सचिवालयात कारकुनाची जागा मिळवायची, मग परीक्षा देत देत वर चढायचं, असा माझा बेत होता. पण ते साल छप्पन्नचं होतं. राज्यांची नव्यानं वाटणी व्हायची होती. मी ज्या कचेरीत गेलो तिथं टेबलांपेक्षा पेट्या जास्त होत्या. फायलींचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. हेडक्लार्क एका पेटीवर बसून चहा पीत होते. मी पास झाल्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो मनापासून वाचला, शेजारच्या दोघांना बोलावून दाखवला, माझ्यासाठी चहा मागवला. तिघांनीही माझं कौतुक केलं. पहिला वर्ग म्हणजे गंमत नाही, असं एकमेकांना सांगितलं. मला वाटलं, झालं काम.

मग हेडक्लार्कांनी विचारलं, “पण तुम्हाला नोकरी कोणत्या राज्यात पाहिजे?”

मी म्हणालो, आपल्याच.

“तेच तर,” ते म्हणाले. “ही कचेरी जाणार भोपाळला. तुमचा जिल्हा जाणार मुंबईकडे. भोपाळला अर्ज कराल तर म्हणतील, तुम्ही मुंबईचे. मुंबईला कराल तर म्हणतील, अजून तुम्ही आमच्याकडे आलेलेच नाहीत.”

मी विचारलं, मग मी करावं काय. त्यांनी शांतपणे सांगितलं की राज्य नीट बसेपर्यंत थांबावं, त्यांचं स्वतःचंही तेच चाललं आहे. शेवटी त्यांनी मला एक पेटी उचलायला हात लावायला सांगितलं. एवढंच सरकारी काम माझ्या हातून झालं.

मी परत आलो तेव्हा मामेभावानं बातमी आणली की आमगावच्या हायस्कुलात मास्तरची जागा निघाली आहे. ती शाळा नवीनच होती आणि एक कमिटी ती चालवत असे. कमिटीचे अध्यक्ष आमच्या पंचक्रोशीतले मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. कायद्यानं मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, पण ती गोष्ट मालगुजारांना कोणी तोंडावर सांगितली नव्हती. लोक त्यांना मालगुजारच म्हणत आणि तेही तसेच वागत. आम्ही दोघांनीही अर्ज केले. त्यानं आधीच सांगून ठेवलं की तू असताना मला काही मिळत नाही, मी फक्त मुलाखत कशी असते ते पाहायला येतो.

मुलाखत मालगुजारांच्या बैठकीत झाली. अध्यक्ष तक्क्याला टेकून, एका बाजूला गोंदियाचे वकील, दुसऱ्या बाजूला बिडीपत्त्याचे ठेकेदार. आधी मला बोलावलं. संस्कृतबद्दल कोणी काही विचारलं नाही. वकिलांनी विचारलं की पुढे काय करायचा विचार आहे. मला वाटलं, महत्त्वाकांक्षा दाखवावी. मी सांगितलं की पुढे एम. ए. करीन, सरकारी परीक्षा देईन. ठेकेदारांनी मान डोलावली. मला ती पसंतीची वाटली.

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे तुमी जाणारच. मंग येता कायले?”

मी काहीतरी बोललो, पण ते ऐकत नव्हते. ते वकिलांना सांगत होते की पहिल्या वर्गाची पोरं म्हणजे पाहुणी. दोन पाऊस झाले की बिस्तरा बांधतात. गेल्या साली असाच एक आणला होता. दिवाळीला म्हणून गेला तो आलाच नाही, आणि त्याच्या वर्गाची पोरं अजून अर्ध्याच इतिहासात बसली आहेत, म्हणाले.

मग मामेभाऊ आत गेला. त्यानं बाहेर येऊन मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोणता वर्ग, असं विचारल्यावर तो म्हणाला तिसरा. कितव्या खेपेला, तर दुसऱ्या. पुढे काय करणार, तर म्हणाला, “जी, आता मले कोणी कोठंच घेत नाही.” अध्यक्ष समाधानानं हसले. असा माणूस पाहिजे, म्हणाले. त्याची नेमणूक तिथल्या तिथं झाली.

घरी येताना तो बैलगाडीत माझ्याशी बोलेना. त्याला लाज वाटत होती. मीही बोललो नाही, मला राग आला होता. आमगावच्या नाल्याजवळ त्यानं खिशातून फुटाणे काढून माझ्यापुढे धरले. मी घेतले. त्यानंतर आम्ही बोललो. तो म्हणाला की तुझा वर्ग लोकांना भेवाडून राहिला आहे, पुढच्या ठिकाणी तो सांगूच नको. नुसतं पास म्हण. पास झाला हे काही खोटं नाही.

पुढचं ठिकाण म्हणजे गोंदियाची एक राइस मिल. तिच्या सेठजींना इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. मिलमध्ये कोंडा असा उडत होता की मी आत शिरताना काळा होतो आणि बसेपर्यंत पिवळा झालो. सेठजी गादीवर, शेजारी त्यांचे म्हातारे मुनीमजी. सेठजींनी हिंदीत विचारलं की कुठवर शिकलात. मी सांगितलं, बी. ए.

“कौन सा दर्जा?”

मला मामेभावाचा सल्ला आठवला. मी म्हणालो, “पास हूँ.”

सेठजींचा चेहरा पडला. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मुनीमजींकडे पाहून म्हणाले की पासवाले तर गल्लोगल्ली फिरतात. त्यांना फर्स्ट क्लासचा माणूस हवा होता. काम काही विशेष नव्हतं. साहेब लोक मिल तपासायला येतात तेव्हा त्यांच्यापुढे बसवायला, आणि समोरच्या मिलवाल्या सेठांना दाखवायला. समोरच्यांनी दुसऱ्या वर्गाचा एक पदवीधर ठेवला होता आणि तो रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून इंग्रजी पेपर वाचत बसे. सेठजींना ते सहन होत नव्हतं.

मी घाईनं सांगितलं की मी फर्स्ट क्लासच आहे.

सेठजी हसले. “अभी तो पास बोले थे.”

मी म्हणालो की पास म्हणजे फर्स्टमध्येच पास. मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते ओल्या धानाकडे पाहत असतील. फर्स्टवाला कधी आपला फर्स्ट लपवत नाही, असं त्यांनी सेठजींना सांगितलं. गोष्ट बरोबर होती. मी कागद आणलाच नव्हता, लपवायचं ठरवल्यावर तो सोबत कशाला घ्यायचा? सेठजी दुःखी आवाजात म्हणाले, “बेटा, नोकरी के लिए झूठ नहीं बोलते.” आणि मला पाणी पाजून त्यांनी वाटेला लावलं.

बाहेर आलो तर समोरच्या मिलच्या दारात तो दुसऱ्या वर्गाचा पदवीधर खरंच खुर्ची टाकून बसला होता. पेपर उलटा नव्हता, एवढं मी पाहून घेतलं. त्यानं मला ओळख नसताना नमस्कार केला. कदाचित माझ्या चालीवरून त्याला कळलं असेल की मीही बी. ए.च.

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते चौथी शिकलेले, पण त्यांना मार्कांचं मोठं अप्रूप होतं. ते विड्याच्या पानाला चुना लावता लावता म्हणाले की एकानं जास्त आहे म्हणून नको म्हटलं, एकानं कमी आहे म्हणून, तर तुझा वर्ग बरोबर मधला असला पाहिजे. मग म्हणाले की या साली तलावाच्या पाळीची दुरुस्ती काढली आहे, उद्यापासून तिथं ये. मी गेलो. पणज्यानं बांधलेला तो तलाव आमच्या घराण्याचा अभिमान होता, आणि पाळीवर माती टाकताना मला कोणी वर्ग विचारत नव्हतं.

त्याच दिवसांत आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. आम्ही होतो तिथंच राहिलो. मग दिवाळी आली आणि दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. पोरीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो आणि नाटक होतं. नाटकाशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय वरण. मालगुजारांच्या गावी दरवर्षी नाटक होई आणि त्यात राजा दरवर्षी मालगुजार स्वतः. दुसऱ्या कोणाला राजा करण्याची हिंमत गावात नव्हती. त्यांचा आवाज मोठा होता, मिशा स्वतःच्या होत्या, आणि पाठांतर अजिबात नव्हतं.

शाळेत मास्तर झाल्याबरोबर मामेभावाला राणी करण्यात आलं. नेमणुकीच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं, पण ती अटच होती म्हणाना. नाटकाच्या चार दिवस आधी प्रॉम्प्टर तापानं आजारी पडला. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआडून नटांना पुढचं वाक्य सांगणारा. मामेभावानं माझं नाव सुचवलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की तुला काही येत नसलं तरी वाचता तर येते. मी रागावून नाही म्हणालो. मग माय म्हणाली की घरात बसून काय करतोस, गाडी जुंपली आहे, आमीबी येऊन राहिलो. मी गेलो.

त्या साली पाहुणे म्हणून भंडाऱ्याचे एक मोठे अधिकारी यायचे होते. त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची होती, म्हणून नाटक भर दुपारी ठेवलं. गॅसबत्त्या भाड्यानं आणल्या होत्या, त्या परत थोड्याच करणार. उन्हात त्या सुरसुरत पेटवून ठेवल्या. मी रंगवलेल्या जंगलाच्या पडद्यामागे पाट टाकून बसलो. नाटक कुठल्याशा मास्तरांनी लिहिलेलं, शाप भोगणाऱ्या राजाचं होतं, आणि भाषा अशी की तालमीत नट अर्थ विचारत आणि लिहिणाऱ्यालाही तो सांगता येत नसे.

पहिला अंक बरा गेला. मी वाक्य सांगायचो, राजा ते गर्जून म्हणायचा. दुसऱ्या अंकात राणीशी बोलता बोलता मालगुजारांनी एकदम चौथ्या अंकातलं वाक्य घेतलं, ज्यात राणी मेलेली असते. मामेभाऊ लुगडं सावरत समोर उभा. मी घाबरून आतून म्हणालो, “थांबा, हे नाही.”

राजानं हात उंचावला आणि प्रेक्षकांकडे वळून गर्जना केली, “थांबा! हे नाही!”

मांडव शांत झाला. लोकांना वाटलं, काहीतरी मोठं येणार. पुढं काय द्यावं ते मला कळेना, कारण पोथीत त्यानंतरचं काही जुळत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा राजा मी जे म्हणेन ते म्हणणार आहे. मी पोथी मिटली आणि स्वतःच रचत गेलो. हे देवी, जे मी बोललो ते शापानं माझ्याकडून बोलवून घेतलं. जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाचा शोक करणं हाच माझा शाप. राजा एकेक वाक्य घेत होता आणि त्याच्या मोठ्या आवाजात ते खरं वाटत होतं. मामेभावाचं काम होतं फक्त रडायचं. तो खरोखर रडला. नंतर म्हणाला की हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या बाया मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि त्यात माझी मायही होती. असं करत करत मी राजाला दुसऱ्या अंकात परत आणून सोडलं.

अधिकाऱ्यांनी निघताना मालगुजारांचा हात हातात घेतला. इतक्या आडगावात इतकी शुद्ध भाषा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. मालगुजारांनी मान लववली. नाटकातलं काय आपलं आणि काय पडद्याआडचं, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मंडई उठल्यावर त्यांचा गडी मला बोलवायला आला. मी त्याच बैठकीत गेलो. या वेळी वकील नव्हते, ठेकेदार नव्हते. मालगुजार सुपारी कातरत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, “पुढच्या साली इथंच राहाल ना?”

मी म्हणालो, काही ठरलेलं नाही.

“शाळेत आणखी एक जागा काढून राहिलो. राहा. आवाज तेवढा जपा.”

माझा वर्ग, माझा विषय, माझी पुढची स्वप्नं, काही विचारलं नाही. मीही काढलं नाही. शाळेत गेलो तर संस्कृत आधीच अध्यक्षांचा भाचा शिकवत होता, म्हणून मला भूगोल आणि कवायत मिळाली. मामेभाऊ गणित शिकवू लागला. पगार दोघांचा सारखाच. वर्ग कोणता ते तिथं आमच्याशिवाय कोणालाच आठवत नव्हतं, आणि हळूहळू आम्हालाही आठवेनासं झालं. एम. ए.ची पुस्तकं मी मागवली होती. ती वाचलीही. परीक्षा मात्र मंडईच्या दिवसांतच येई.

साठ साल उजाडलं तोवर मला शाळेत तीन-चार वर्षं झाली होती. भाचेबुवांना कृषी खात्यात जागा मिळाली आणि संस्कृत माझ्याकडे आलं. त्या तुकडीत एक मुलगी होती. दरेकशाकडच्या एका शेतकऱ्याची लेक, शिकण्यासाठी आमगावला मावशीकडे राहत असे. मॅट्रिकला तिला असे मार्क मिळाले की हेडमास्तरांनी शाळेला अर्धा दिवस सुट्टी दिली. तिचे वडील तिला घेऊन माझ्या घरी आले. खांद्यावर दुपट्टा, हातात चपला. ते ओसरीच्या कडेवर बसले आणि सरळ विचारलं की गुरुजी, नागपूरच्या कॉलेजात धाडावं म्हणतो, तर या मार्कांनी नोकरी लागते काय.

शिक्षक म्हणून काय उत्तर द्यावं ते मला चांगलं माहीत होतं. रोज वर्गात देतच होतो. पण ते एवढ्या लांबून आले होते. मी त्यांना कचेरी, बैठक आणि मिल, सगळं सांगितलं. मंडईचंही सांगितलं. ते मध्ये हसले नाहीत. पोरगी मात्र खाली मान घालून हसत होती.

सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे मार्कं कामी नाही आले.”

मी म्हणालो, नोकरीच्या तरी नाही आले.

“मंग तुमी एवढं कायले शिकले?”

हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. प्राध्यापकांनी नाही, कमिटीनं नाही, मी स्वतःही नाही. मी सांगितलं की मला ते आवडत होतं, पहाटे उठून घोकायलाही आवडत होतं. मार्क त्याच्या मागून आले.

मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. “मलेबी आवडते,” ती बापाला म्हणाली.

त्यांनी थोडा विचार केला. नोकरीचं काही खरं नाही, हे गुरुजीच म्हणतात, ते म्हणाले, मग तिच्या आवडीचाच हिशेब धरावा लागेल. मायनं त्यांना जेवायला थांबवलं. भात, वरण आणि बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, मासोळ्या होत्या. जेवताना ते मला धानाबद्दल विचारत होते, आमच्या तलावाचं पाणी किती दिवस पुरते वगैरे. कॉलेजची गोष्ट त्यांच्यापुरती संपली होती.

जुलैत ती नागपूरला गेली. आमगाव स्टेशनावर मावशी रडली, वडील रडले नाहीत. त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीची जागा धरून दिली, ट्रंक बाकाखाली सरकवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.